कोळशाच्या एकत्र वखारी

ब्रिटनमध्ये 1947 साली खाणी सरकारी झाल्या, 1948 साली रेल्वेही. मालकी एकवटली तरी कोळशाची वाहतूक स्वस्त झाली नाही, कारण मागणी विखुरलेलीच राहिली. घरगुती कोळसा गावोगावच्या स्टेशनांवर, व्यापाऱ्याच्या गरजेपुरता, एकदोन वाघिणींनी जाई. सोळा टनांची ती वाघीण वाटेत कितीतरी यार्डांत एका गाडीतून सोडवून दुसरीला जोडली जाई. मुक्कामी पोचल्यावरही व्यापारी फावड्याने पोती भरीपर्यंत ती तिथेच अडकून पडे. रेल्वेची वाघीण हीच त्याची वखार होती.

डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा मार्च 1963चा अहवाल मार्ग आणि स्टेशनं बंद करणारा म्हणून बदनाम आहे. कोळशाबद्दलचं त्याचं निदान मात्र मला अचूक वाटतं. खरा खर्च अंतरापेक्षा थांबण्याचा होता. एका टापूतल्या अनेक व्यापाऱ्यांची मागणी एका यांत्रिक वखारीत गोळा करायची, तिथवर भरलेली अख्खी गाडी न्यायची आणि पुढे लॉरीने वाटप करायचं, हा त्यावरचा उपाय. वीज केंद्रांसाठी तो आणखी पुढे गेला. 1960च्या दशकाच्या मध्यावर ‘मेरी-गो-राउंड’ गाड्या सुरू झाल्या: खाण ते वीज केंद्र अखंड फेरी, इंजिन न सोडता, गाडी संथ चालत असतानाच वाघिणींचे तळ उघडून कोळसा खाली. हे श्रेय यंत्राचं, असं कोणी म्हणेल. पण तळ उघडणाऱ्या वाघिणी ईशान्य इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून होत्या. नव्हतं ते रोज अख्ख्या गाड्या रिकाम्या करून घेणारं गिऱ्हाईक. इंग्लंड-वेल्सच्या वीज केंद्रांची खरेदी एका हाती ठेवणारं वीज मंडळ 1958 साली कारभार पाहू लागलं, तेव्हा ते मिळालं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वखार दूर गेली की खेड्यातल्या छोट्या व्यापाऱ्याची लॉरी जास्त मैल धावते. रेल्वेचा वाचलेला खर्च रस्त्यावर, शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच वीज केंद्राचं आणि खेड्याचं गणित वेगळं मांडायला हवं होतं. वीज केंद्र रुळाला थेट जोडलेलं, त्याला शेवटचा टप्पाच नव्हता. खेड्याला होता. तरीही जुनी पद्धत टिकवणं हा मार्ग नव्हता, कारण अडकून उभ्या वाघिणींचा भार इतर साऱ्या मालावर पडत होता. रेल्वेच्या बचतीतला काही हिस्सा दूरच्या व्यापाऱ्याच्या लॉरीभाड्यासाठी राखणं न्याय्य ठरलं असतं.