बहुधात्विक गोट्यांचे रासायनिक विदासंकलन

बहुधात्विक गोट्यांचे रासायनिक विदासंकलन म्हणजे खोल समुद्राच्या तळावर आढळणाऱ्या मँगॅनीजयुक्त गोट्यांची विश्लेषणे, नमुन्याचे स्थान, खोली व विश्लेषणपद्धती यांच्यासह एकत्र नोंदवून ती तुलनायोग्य करण्याचे कार्य होय. साठ्याचा अंदाज, खाणक्षेत्राची निवड आणि गोट्यांच्या उत्पत्तीचा अभ्यास या तिन्ही गोष्टी या विदेवर अवलंबून असतात.

इतिहास

'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या १८७२–७६ मधील मोहिमेत असे गोटे गोळा करण्यात आले. जॉन मरे व अल्फोन्स रेनार यांच्या १८९१ च्या अहवालात त्यांचे वर्णन व विश्लेषणे आहेत. जॉन मेरो यांच्या १९६५ मधील ग्रंथामुळे गोट्यांच्या आर्थिक मूल्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढे विश्लेषणांची संख्या वाढली, परंतु ती निरनिराळ्या नियतकालिकांत व अहवालांत विखुरलेली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत ती एकत्र करण्याचे काम झाले. जमैकातील किंग्स्टन येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाने २०१९ मध्ये 'डीपडेटा' हे विदागार खुले केले.

तुलनेतील अडचणी

गोटे सच्छिद्र असून हवेतील ओलावा शोषून घेतात. कोरड्या भुकटीत निकेल १.२ टक्के असेल, तर १५ टक्के ओलावा असलेल्या त्याच भुकटीत ते १.०२ टक्के भरते. त्यामुळे भुकटी कशी वाळवली याची नोंद नसल्यास समृद्ध क्षेत्रही निकृष्ट ठरू शकते. बहुधा नमुने ११० अंश सेल्सियसच्या आसपास वाळवले जातात. दुसरा प्रश्न नमुन्याच्या भागाचा असतो. पाण्याला लागून असलेल्या वरच्या बाजूस लोह व कोबाल्ट तुलनेने अधिक, तर गाळात रुतलेल्या खालच्या बाजूस मँगॅनीज, निकेल व तांबे अधिक आढळते. प्रयोगशाळांमधील फरक तपासण्यासाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 'नॉड-ए-१' (अटलांटिक) व 'नॉड-पी-१' (प्रशांत) हे प्रमाण नमुने तयार केले.

भारतातील कार्य

गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून अरबी समुद्रातून पहिले गोटे मिळवले. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागर खोऱ्यात १,५०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र देण्यात आले. त्यातील निम्मे क्षेत्र नियमानुसार परत करावयाचे होते. कोणता भाग राखावा हे धातूंचे प्रमाण व गोट्यांची विपुलता यांच्या नोंदींवरूनच ठरले. राखलेल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे ३८ कोटी टन गोटे असावेत, असा अंदाज आहे. त्यांत सुमारे ४७ लाख टन निकेल, ४२.९ लाख टन तांबे, ५.५ लाख टन कोबाल्ट आणि ९.२६ कोटी टन मँगॅनीज आहे.