रेशमाच्या किड्याची वंशावळ

'रेशीम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याआधी आपण 'कौशेय' म्हणत होतो, म्हणजे कोशापासून झालेले. आणि 'चीनांशुक' म्हणजे चीनचे वस्त्र. कालिदासाच्या 'शाकुंतला'त चीनांशुक आहे. चीनपट्ट चीनच्या भूमीत होतो, असे कौटिल्याने नोंदवूनच ठेवले आहे. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला एवढा पुरावा पुरतो. शास्त्रज्ञांना तो पुरत नाही, आणि ते बरोबरच आहे. वस्त्र चीनचे, म्हणून किडाही तिथलाच कशावरून?

चिनी आख्यायिकेत पीत सम्राटाची राणी लेईझू चहा पीत असताना तिच्या पेल्यात कोश पडतो आणि धागा उलगडत जातो. कथा गोड आहे. जमिनीने दिलेला पुरावा मात्र मोघम निघाला. १९२६ मध्ये ली जी या पुरातत्त्वज्ञाला शान्शी प्रांतातल्या शीयिन गावी अर्धा कापलेला एक कोश सापडला. तो पाळीव किड्याचा की रानटी, यावर विद्वान पुढे वाद घालत राहिले.

तुतीवरचा पाळीव किडा, बॉम्बिक्स मोरी, आज रानात कुठेच नाही. त्याच्या पतंगाला पंख आहेत, पण उडता येत नाही. अळीला पाला समोर आणून द्यावा लागतो. माणसाने त्याला इतके आपलेसे केले, की माणसावाचून त्याचे चालत नाही. (माणसाच्या मायेचा हा प्रकार मला थोडा धास्तीचाच वाटतो.) त्याचा रानटी भाऊबंद, बॉम्बिक्स मँडरिना, चीन, कोरिया आणि जपानमध्ये तुतीवरच राहतो. मग पाळीव किडा यांतल्या कुणाच्या घरचा? गुणसूत्रे मोजली तेव्हा पाळीव किड्याच्या २८ जोड्या भरल्या, चिनी रानटी किड्याच्याही २८, आणि जपानी किड्याच्या २७. अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

उरलेले डीएनएतल्या खुणांनी दिले. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरे लागोपाठ येतात, मुलाने पाटीवर 'गम गम गम' गिरवावे तशी. एका वाणात ती दहा वेळा असतील, तर दुसऱ्यात चौदा वेळा. अशा अनेक जागा तपासल्या की कोण कोणाच्या जवळचा, ते कळते. १९९० च्या दशकात जे. नागराजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे १३ वाण अशा खुणांनी तपासले. त्यांची सरळ दोन घराणी निघाली. एक थंड मुलखातले, ज्यांची अंडी हिवाळाभर झोपून राहतात. दुसरे उष्ण मुलखातले, ज्यांची अंडी काही दिवसांत फुटतात. पहिल्याचे रेशीम भरघोस, पण प्रकृती नाजूक. दुसऱ्याचा कोश लहान, पण तो उन्हाळा आणि रोगराई सोसतो. बंगालचा निस्तारी आणि म्हैसूरचा देशी वाण या दुसऱ्या घराण्यातले. ज्या म्हैसुरात टिपू सुलतानाने रेशीम रुजवले, तिथे या देशी मादीचा परदेशी नराशी संकर करूनच पुढे धंदा वाढला. नुसत्या भरघोस रेशमाच्या मोहात देशी वाण हातचे गेले असते, तर संकराला सोशिक आई कुठून आणली असती?

२००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी २९ पाळीव आणि ११ रानटी किड्यांचे संपूर्ण जीनोम ताडून पाहिले. पाळीव किड्यांत वैविध्य बरेच टिकलेले दिसले. म्हणजे राणीच्या पेल्यातल्या एका कोशापासून हा वंश वाढलेला नाही. थोड्या काळात, पण पुष्कळ किडे घेऊन माणसाने ते पाळायला सुरुवात केली असावी. २०२२ मध्ये हजाराहून अधिक जीनोम तपासले गेले, तेव्हा बोट पीत नदीच्या खोऱ्याकडे वळले.

आपले कौशेय मात्र वेगळे. हडप्पा आणि चन्हुदडो इथे सापडलेले चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे रेशमी धागे रानटी पतंगांचे आहेत, असे २००९ मध्येच सिद्ध झाले. त्या पतंगांच्या कुळातला टसर विदर्भात आजही ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. त्याच्या एका वाणाचे नावच 'भंडारा' आहे. पाखरांनी अळ्या टिपू नयेत म्हणून माणसे झाडांखाली राखण करतात. त्याचा पतंग अजून उडतो.