मराठा सुतार : एका नावाचा इतिहास

पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांत आपल्या मुलखाचा उल्लेख क्वचितच सापडतो. मराठा सुतार हा असा एक मानकरी. जॉन लेथम या इंग्रज वैद्याने १८०१ मध्ये त्याला ‘पायकस महरटेन्सिस’ हे नाव दिले. लेथमने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. परदेशांतून आलेली पक्ष्यांची कातडी आणि चित्रे पाहून तो वर्णने लिहीत असे. तेव्हा पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता. पुढच्या वर्षाअखेरीस वसईचा तह झाला आणि १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली. नाव मात्र टिकले. ‘पायकस’ हा शब्द जाऊन आता ‘लिओपायकस’ आला आहे. पण नामकरणाच्या नियमाप्रमाणे जातीचे आधी दिलेले नावच चालू राहते.

तसे पाहता नाव पक्ष्याला तोकडेच आहे. हा सुतार पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत आणि दक्षिणेत श्रीलंकेपर्यंत आढळतो. त्याचा जवळचा भाऊबंद, तपकिरी कपाळाचा सुतार, पश्चिम हिमालयात चीड आणि देवदाराच्या रानात राहतो. पाइनच्या बियाही खातो. आपल्या सुताराने मात्र बाभळीचा संसार पत्करला. दाट जंगलापेक्षा त्याला उघडे, कोरडे, काटेरी रान मानवते.

निरवांगीच्या बाजूला त्याला शोधायचे, तर मी आधी पक्षी पाहत नाही, वाळलेली फांदी पाहतो. जेमतेम वीतभर पाखरू. पाठीवर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळे, पोटावर लाल डाग. नराच्या डोक्यावर मागे लाल पट्टा असतो, मादीच्या नसतो. घरट्याचे बीळ तो मेलेल्या लाकडात कोरतो. पुढे अशी रिकामी बिळे इतर लहान पाखरांच्या कामी येतात.

अडचण नेमकी इथे आहे. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, पुढे वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. या पाण्याने आणि उसाने दुष्काळी माणसाला जगवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रान बांधापुरते आणि माळापुरते उरले. तिथली वाळकी फांदी सरपणाला पहिली जाते, कारण ती तोडताना झाड तोडल्यासारखे कुणालाच वाटत नाही.

हा सुतार जगाच्या यादीत धोक्यात आलेला नाही. एखाद्या गावातून तो गेला, तर त्याची नोंद कुठेही होणार नाही. सातबाऱ्यावर ज्या तुकड्याला आपण ‘पोटखराबा’ म्हणतो, तोच त्याचा मुलूख आहे. लेथमने दिलेले नाव नियमाने राखले जाईल. तो मुलूख राखायचा, तर बांधावरची एखादी म्हातारी बाभूळ वाळल्यावरही उभी ठेवावी लागेल.