हनुसंधि आणि शस्त्रवैद्य

कानापुढें बोट ठेवून तोंड उघडावें; बोटाखालीं जें हालतें, तो हनुसंधि. माणूस हनुवटीवर आपटला कीं, घाव खालीं बसतो आणि हाड पुष्कळदां मोडतें तें या सांध्याशीं. सुश्रुतसंहितेंत निखळलेला हनुसंधि जागेवर आणून, शेक देऊन, पंचांगी बंध बांधावयास सांगितलें आहे. अमेरिकेंतील टॉमस गिल्मर यांनीं १८८७ मध्यें वरचे व खालचे दांत तारेनें एकत्र जखडण्याची रीत मांडली. परंतु सांधा फार दिवस जखडला तर तो आखडण्याचें भय असतें.

मग शस्त्र कां नको? कारण चेहरा हालविणारा मज्जातंतु तेथूनच जातो. तो दुखावला तर डोळा मिटत नाहीं, ओठ वांकडा होतो. म्हणून शस्त्रवैद्यांनीं त्याला चुकविणाऱ्या वाटा शोधल्या. टोरांटोचे फुल्टन रिस्डन यांनीं १९३४ मध्यें आखडलेल्या सांध्यासाठीं जबड्याच्या कोनाखालून छेद घेण्याची रीत वर्णिली. पुढें मोडलेल्या हाडासाठींहि ती उपयोगी पडली. कोणी कानापुढून शिरले, कोणी जबड्यामागून. आतां दुर्बिणीच्या साह्यानें तोंडांतूनहि जातां येतें.

तरीहि लहान मुलांत शस्त्र बहुधा म्यानांतच राहतें; कारण त्यांचें वाढतें हाड आपला आकार स्वतःच पुष्कळसा सांवरून घेतें. वाटा अनेक झाल्या; पण केव्हां निघूं नये, हें जाणणें हीहि शस्त्रविद्याच होय.