"उचलू का तुला?" : बाळांच्या शाळेतल्या ताईंची शंभर वर्षांची गोष्ट

इअरफोन नीट बसलेत ना? मग सुरू करूया.

आजचा एपिसोड एका वाक्यातून जन्मलाय. माझी भाची अकरा महिन्यांची आहे. ताई आणि भावोजी दोघंही नोकरीवर, त्यामुळे दिवसभर ती पुण्यातल्या एका पाळणाघरात असते. दारावरच्या पाटीवर 'वॉल्डॉर्फ-प्रेरित' असं लिहिलंय. एका संध्याकाळी तिला आणायचं काम माझ्याकडे आलं. मी दारात उभा, आत भाची चटईवर लाकडाच्या ठोकळ्याशी खेळत होती. तिथल्या ताई तिच्यासमोर खाली बसल्या, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "मामा आलाय. उचलू का तुला?"

आणि थांबल्या. खरंच थांबल्या. भाचीनं ठोकळा सोडला, त्या हातांकडे बघितलं, मग स्वतःचे हात वर केले. तेव्हा कुठे ताईंनी तिला उचललं.

मला हसूच आलं. अकरा महिन्यांच्या बाळाची परवानगी घ्यायची? आपल्याकडे तर बाळ म्हणजे सगळ्यांच्या हक्काचं. येणारा जाणारा गालगुच्चा घेणार, पटकन उचलून घेणार. पण रिक्षात बसल्यावर ते थांबणं काही डोक्यातून जाईना. ही पद्धत आली कुठून? शोधायला बसलो आणि थेट जर्मनीतल्या एका सिगारेटच्या कारखान्यात पोहोचलो.

कारखान्यातली शाळा

साल १९१९. पहिलं महायुद्ध जर्मनी हरलंय, राजा पळालाय, लोकांचे खायचे हाल आहेत. स्टुटगार्ट शहरात 'वॉल्डॉर्फ-अस्टोरिया' नावाचा सिगारेटचा कारखाना होता. होय, 'वॉल्डॉर्फ' हे नाव सिगारेटवरून आलंय! कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांना वाटलं, आपल्या कामगारांच्या मुलांना चांगली शाळा हवी. त्यांनी रुडॉल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताला बोलावलं. ७ सप्टेंबर १९१९ ला शाळा उघडली. २५६ मुलं, त्यात बहुतेक कारखान्यातल्या लोकांचीच. मुलगे आणि मुली एका वर्गात, कामगाराचं पोर आणि साहेबाचं पोर एका बाकावर. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

आता श्टायनरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या विचारांत पुनर्जन्म, कर्म, अध्यात्म यांची मोठी सरमिसळ होती, आणि तिला विज्ञानाचा आधार नाही. वंशांबद्दल त्यांनी जे काही लिहिलं-बोललं, त्यातलं बरंच आज वाचताना अंगावर येतं. वॉल्डॉर्फ शाळांना हा वारसा आजही चुकवता येत नाही.

पण लहान मुलांबद्दल त्यांनी मांडलेला एक मुद्दा टिकला. साधारण सात वर्षांपर्यंत मूल ऐकून शिकत नाही, बघून शिकतं. आपण करतो तेच ते करतं. म्हणजे लहान मुलांच्या वर्गात धडा पुस्तकात नसतो. धडा म्हणजे तिथली मोठी माणसं. त्या कशा बसतात, कशा बोलतात, भांडं कसं ठेवतात, हाच अभ्यासक्रम.

ज्यांच्यासाठी जागा नव्हती

आता गंमत बघा. लहान वयाला एवढं महत्त्व दिलं, मग शाळेत लहान मुलांचा वर्ग असणारच ना? नव्हता. शाळा पहिलीपासून सुरू झाली.

एलिझाबेथ फॉन ग्रुनेलियस नावाच्या तरुण शिक्षिकेकडे बालवर्गाचं काम आलं. वय पंचविशीच्या आसपास. १९२० मध्ये तिनं लहान मुलांना घेऊन थोडे दिवस वर्ग चालवलाही. पण शाळा झपाट्यानं वाढत होती, मोठ्या मुलांच्या वर्गांनाच खोल्या पुरेनात. बालवर्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू व्हायला १९२६ उजाडलं. तोवर श्टायनर वारले होते. म्हणजे स्वतःच्या शाळेतला नीट चालणारा बालवर्ग त्यांना बघायलाच मिळाला नाही.

हा नमुना लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. लहान मुलं फार महत्त्वाची असं सगळेच म्हणतात. खोली आणि पैसा द्यायची वेळ आली की लहान मुलं रांगेत शेवटी. आणि त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या बायकाही शेवटी.

ग्रुनेलियसच्या वर्गात काय चालायचं? अक्षरं नाहीत, अंक नाहीत. बाई घरातली खरी कामं करायची. शिवण, स्वयंपाक, झाडलोट, बागकाम. मुलं आजूबाजूला खेळायची आणि हवं तेव्हा कामात घुसायची. १९३८ मध्ये नाझी राजवटीनं स्टुटगार्टची शाळा बंद केली. ग्रुनेलियस पुढे अमेरिकेत गेल्या आणि तिथे या बालवर्गांची पद्धत त्यांनी रुजवली.

पण हे सगळं तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळ? वॉल्डॉर्फवाल्यांचं उत्तर अनेक दशकं एकच होतं: ते घरीच, आईजवळ.

बरं. पण ज्या बाळाला घरही नाही आणि आईही नाही, त्याचं काय?

स्वच्छ खोल्या, मरणारी बाळं

हा भाग ऐकायला जड आहे, पण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

१९४५ मध्ये रेने स्पिट्झ या मानसशास्त्रज्ञाने दोन संस्थांमधल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय. स्वच्छ, डॉक्टर येणारे, दूध वेळेवर. पण एका परिचारिकेकडे आठेक बाळं. दुसरी जागा म्हणजे चक्क एक तुरुंग, जिथे कैदी आयांना आपली बाळं स्वतः सांभाळू देत होते. तुरुंगातली बाळं धडधाकट वाढली. त्या स्वच्छ अनाथालयातली एक तृतीयांशाहून जास्त बाळं दोन वर्षांत दगावली.

अन्न होतं, औषध होतं. नव्हतं ते माणूस. दूध पाजताना आपल्याकडे बघणारं एक ठरावीक, ओळखीचं माणूस.

बुडापेस्टमधली डॉक्टरीण

याच सुमाराला हंगेरीत एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. जन्म १९०२, व्हिएन्नाचा. वैद्यकीचं शिक्षणही तिथलंच. तिथे त्यांनी एक डॉक्टर बघितले, जे बाळाला तपासताना त्याच्याशी इतक्या हळुवारपणे वागायचे की ते सहसा रडायचं नाही. हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

पुढे बुडापेस्टमध्ये त्यांनी दहा वर्षं घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली. आईवडिलांना त्यांचं सांगणं असायचं की बाळाला बसवू नका, उभं करू नका, चालायला लावू नका. त्याचं ते करील, तुम्ही वाट बघा. पिकलर ज्यू होत्या, पती राजकीय कारणांसाठी तुरुंगात. युद्धाच्या काळात त्यांचा जीव वाचला तो त्यांनी सांभाळलेल्या बाळांच्या आईवडिलांच्या मदतीमुळे.

१९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर अनाथ आणि निराधार बाळांसाठीचं घर त्यांनी सुरू केलं. लोक त्या घरालाच 'लोत्सी' म्हणायला लागले.

सुरुवातीला तिथे शिकलेल्या परिचारिका होत्या. काम झटपट, चोख. बाळ उचललं, धुतलं, पुसलं, ठेवलं, पुढचं. पिकलरना हेच खटकलं. बाळ म्हणजे काय भांडी आहेत? अखेर त्या परिचारिका गेल्या आणि त्यांच्या जागी बालसंगोपनाचं कसलंही शिक्षण नसलेल्या तरुण मुली आल्या. त्यांना पिकलरनी मुळापासून शिकवलं.

काय शिकवलं? ऐकाल तर फार साधं वाटेल. बाळाला हात लावण्याआधी सांग. "आता मी तुझा हात बाहीत घालणार आहे." मग थांब. बाळ हात पुढे करतं का ते बघ. लंगोट बदलताना मन दुसरीकडे नको, घाई नको. दूध मांडीवर घेऊनच पाजायचं. अंघोळीचा क्रम रोज तोच, म्हणजे पुढे काय होणार ते बाळाला कळेल. कुणानंतर कुणाची पाळी हेही ठरलेलं. त्यामुळे वाट बघणारं बाळ घाबरत नाही, त्याला माहीत असतं की आपली वेळ येणार. आणि प्रत्येक बाळाची रोजची नोंद लिहायची.

यामागचा हिशोबही समजून घ्या. एका बाईकडे सात-आठ बाळं. प्रत्येकाला दिवसभर कडेवर घेणं शक्यच नाही. मग पिकलरनी ठरवलं की लंगोट, अंघोळ आणि जेवण या वेळा तरी पूर्णपणे त्या एका बाळाच्या. तेवढ्यानं बाळाचं मन भरतं आणि मग ते उरलेला वेळ जमिनीवर निवांत खेळतं. ज्या कामांना आपण 'वरकाम' म्हणतो, तीच या पद्धतीत मुख्य कामं झाली.

फ्रेंच तज्ज्ञ मिरियम डेव्हिड आणि जेनेव्हिएव्ह अपेल यांनी लोत्सीत जाऊन निरीक्षण केलं आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. स्पिट्झनी पाहिलेली ती विझलेली, भिंतीकडे बघत पडलेली बाळं त्यांना इथे दिसली नाहीत.

दोन वाटा एकत्र

'उचलू का तुला?' हे वाक्य इथलं आहे, मंडळी. स्टुटगार्टचं नव्हे, बुडापेस्टचं.

मग ते पुण्याच्या वॉल्डॉर्फ पाटीखाली कसं आलं? तर शेवटी जग बदललं. आया नोकरीला लागल्या आणि 'तीन वर्षांपर्यंत घरीच' हे उत्तर बहुतेकांना परवडेना. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या बाळाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. वॉल्डॉर्फ शाळांनाही बाळांसाठी दार उघडावं लागलं. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं काय करायचं, याचा त्यांच्याकडे पुरेसा अनुभव नव्हता. तो त्यांनी लोत्सीकडून घेतला.

म्हणून आजच्या अशा नर्सरीत दोन्ही दिसतं. ताई भाजी निवडतायत, कणीक मळतायत, दुपटी वाळत घालतायत आणि रांगती बाळं बघतायत, ही स्टुटगार्टची बाजू. लंगोट बदलताना ताई बाळाशी बोलतायत, त्याच्या उत्तरासाठी थांबतायत, ही बुडापेस्टची.

फक्त एक टोचणारी गोष्ट. एक परंपरा सिगारेट कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली, दुसरी अनाथांसाठी. आणि आज भाचीच्या पाळणाघराची फी? मी सांगत नाही, नाहीतर तुम्ही एपिसोड बंद कराल. एका ताईकडे मोजकीच बाळं ठेवायची तर खर्च येतोच. पण ज्यांच्यासाठी हे सगळं जन्मलं, ती मुलं आता या दारात दिसत नाहीत.

आपल्याकडे ती मुलं कुठे आहेत? अंगणवाडीत. लोत्सी सुरू होण्याच्या एकच वर्ष आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं होतं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ. ही पद्धत वॉल्डॉर्फची नव्हे, माँटेसरीच्या विचारांतून आलेली. पण या बायकांनाही आधी मुलांची तोंडं धुवायला, केस विंचरायला बसावं लागलं, आणि त्यांनी ते काम कमी दर्जाचं मानलं नाही. पुढे १९७५ मध्ये देशभर अंगणवाड्यांची सरकारी योजना आली. तिथल्या सेविका आणि मदतनीस यांना मिळतं त्याला आजही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला.

आठवतं, नमुना लक्षात ठेवा म्हणालो होतो?

परवा पुन्हा भाचीला आणायला गेलो, तेव्हा त्या ताईंना विचारलं, "तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं तर काय सांगता?"

त्या भाचीचा मोजा घालत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही, आधी मोजा पूर्ण केला. मग म्हणाल्या, "शिकवते म्हटलं की लोक विचारतात, एवढ्याशा पोरांना काय शिकवणार? मुलं सांभाळते म्हटलं की पुढे काही विचारतच नाहीत."

"मग?"

"मग मी सांभाळते असंच सांगते. खोटं नाहीये ना ते."

एवढं बोलून त्या भाचीकडे वळल्या. "आता दुसरा पाय." आणि थांबल्या. भाचीनं पाय पुढे केला.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्हाला लहानपणी आईबाबांखेरीज कुणी सांभाळलं असेल, शेजारच्या काकूंनी, पाळणाघरातल्या मावशींनी, अंगणवाडीतल्या बाईंनी, तर हा एपिसोड ऐकून झाल्यावर फोन हातात आहेच. त्यांना एक कॉल करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.