एसएमपीएस उडाला, पुढे काय?

मंडळी, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन "माझा पॉवर सप्लाय नादुरुस्त झाला आहे" असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे म्हणतात, "एसएमपीएस उडाला". पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, शब्द हाच. स्विच्ड मोड पॉवर सप्लाय हे त्याचं पूर्ण नाव फारसं कुणाला आठवत नाही. पण 'उडाला' हे क्रियापद मात्र चपखल आहे. फट्ट असा आवाज, जळका वास आणि अंधारलेला मॉनिटर ज्यांनी अनुभवलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. तो एकटाच गेला, की जाताना आणखी कुणाला घेऊन गेला? मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क यांतलं काय जिवंत आहे? हे शोधायच्या ज्या रीती दुरुस्तीवाले वापरतात, त्या त्यांनी आपल्या मनाने काढलेल्या नाहीत. डेस्कटॉपच्या प्रत्येक पिढीने यंत्रात एखादी खूण ठेवली आहे. त्या खुणा कशा आल्या ते कळलं की दोष शोधणं बरंच सोपं होतं. म्हणून आज थोडा इतिहास.

पूर्वीचे पॉवर सप्लाय 'लिनियर' असत. एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवायचा आणि जास्तीचं व्होल्टेज उष्णतेच्या रूपात वाया जायचं. वजन भरपूर, ताप भरपूर. स्विचिंगची रीत उलटी आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टचं आधी डीसी करायचं (ते साधारण ३२५ व्होल्ट भरतं), मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडायचे. इतक्या वेगाने चालू-बंद होणाऱ्या विजेला ट्रान्सफॉर्मर अगदी छोटा पुरतो. १९६० च्या दशकात ही युक्ती अवकाशयानांसारख्या ठिकाणी वापरली गेली, कारण तिथे वजन महाग. पुढे जास्त व्होल्टेज सोसणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि ती मोठ्या कॉम्प्युटरांत आली.

१९७७ साली आलेल्या ॲपल टू मध्ये रॉड होल्ट यांनी असाच सप्लाय बसवला. स्टीव्ह जॉब्झना आवाज करणारा पंखा नको होता, आणि पंखा नको तर ताप कमी हवा. होल्ट यांचा सप्लाय होता अवघा ३८ वॉटचा. नंतर सगळ्यांनी आमचंच उचललं, असा जॉब्झ यांचा दावा वॉल्टर आयझॅकसन यांच्या २०११ च्या चरित्रात आहे. तो मात्र इतिहासाला धरून नाही. स्विचिंग सप्लाय ॲपलच्या आधीही वापरात होते आणि नंतरच्या पीसींची रचना होल्ट यांच्यापेक्षा वेगळी होती. असो.

या पहिल्या प्रकरणातून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो: एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर ते तीनशे-सव्वातीनशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. दुसरी गोष्ट जुन्या पेट्यांच्या मागच्या छोट्या लाल बटणाची. ते ११५ आणि २३० मध्ये सरकतं. ११५ ला ठेवलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. अमेरिकेत ते ठीक. आपल्या २३० वर तसं लावलं तर दिवाळी :)

आता १२ ऑगस्ट १९८१ कडे येऊ. या दिवशी आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याचा सप्लाय ६३.५ वॉटचा होता. हा विचित्र आकडा कुठून आला हे बघायला मजा येते: ५ व्होल्टला ७ ॲम्पिअर म्हणजे ३५ वॉट, १२ व्होल्टला २ ॲम्पिअर म्हणजे २४, उणे ५ ला दीड आणि उणे १२ ला ३. बेरीज ६३.५. आज एकटं ग्राफिक्स कार्ड याच्या कितीतरी पट वीज पितं.

पण आयबीएमने आकड्यापेक्षा मोलाची एक गोष्ट दिली, 'पॉवर गुड' नावाची तार. सप्लाय सुरू होतो तेव्हा व्होल्टेज लगेच स्थिर नसतं. ते ठरलेल्या मर्यादेत आलं की सप्लाय या तारेवरून बोर्डाला कळवतो, "आता चालू दे". तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच थांबतो. त्यामुळे 'पंखे फिरतात पण स्क्रीन काळी' हा जो नेहमीचा आजार, त्याचं एक कारण इथे सापडतं. पंखे फिरायला मोडकंतोडकं १२ व्होल्टही चालतं, पण 'पॉवर गुड' आला नाही तर प्रोसेसर जागा होत नाही. पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय चांगला, हा समज त्यामुळे कामाचा नाही.

दुसरी देणगी म्हणजे बीप. सुरू होताना यंत्र स्वतःला तपासतं आणि स्पीकरवरून निकाल सांगतं. आयबीएमच्या पद्धतीत एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेची अडचण, काहीच आवाज नाही तर आधी पॉवर बघा. पुढे प्रत्येक बायोसवाल्याने आपापली भाषा केली, पण ती एक छोटी बीप बऱ्याच ठिकाणी टिकली.

तिसरी गोष्ट देणगी नव्हे, सापळा. बोर्डाला वीज देणारे कनेक्टर दोन होते, पी८ आणि पी९, दिसायला जुळे भाऊ. उलटे लावले तर बोर्ड खलास. म्हणून हार्डवेअरच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी घोकून घेत, "काळ्याला काळी". दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत.

हा सापळा १९९५ मध्ये इंटेलच्या एटीएक्सने काढून टाकला. वीस पिनांचा एकच कनेक्टर, चुकीच्या बाजूने न बसणारा. त्याहून मोठा बदल बटणात झाला. आधीच्या एटी पेट्यांत समोरचं बटण खरोखरच मेन सप्लाय तोडायचं. विंडोज ९५ च्या काळात "आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही" अशी केशरी अक्षरं आली की आपण हाताने बटण दाबायचो, आठवतंय? एटीएक्समध्ये बटण फक्त बोर्डाला इशारा देतं. बोर्ड हिरवी तार जमिनीला जोडतो आणि मग सप्लाय सुरू होतो. हा इशारा ऐकायला बोर्ड थोडा जागा हवा, म्हणून जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट कायम असतात, मशीन 'बंद' असतानाही.

दोष शोधणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. मल्टिमीटर घ्या. बंद मशीनमध्ये जांभळी तार ५ दाखवते का? नसेल तर सप्लायच गेला (भिंतीतला प्लग आणि मागचं बटण आधी बघून घ्या). दाखवत असेल तर कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी आणि काळी तार जोडा, सप्लाय बोर्डाशिवाय सुरू व्हायला हवा. मग पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४६ हे बघा, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. राखाडी तार 'पॉवर गुड'ची. वर त्याला काहीतरी भार द्या, कारण रिकाम्या पोटी सगळेच सप्लाय शहाणे असतात.

२००० च्या आसपास दोन गोष्टी एकदम आल्या. पेंटियम फोरसारखे प्रोसेसर १२ व्होल्टवर जास्त वीज मागू लागले, म्हणून चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. (तो लावायचा राहिला तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते!) आणि त्याच सुमारास बाजारात खराब कपॅसिटरांची साथ आली. आतलं द्रावण सदोष होतं, त्यातून वायू तयार होऊन डबीचं डोकं फुगायचं आणि फाटायचं. द्रावणाचं सूत्र चोरताना ते अर्धवटच हाती लागलं, अशी हकिकत तेव्हा छापून आली होती. बोर्डावर आणि एसएमपीएसमध्ये, दोन्हीकडे हे कपॅसिटर होते. डेलने २००५ मध्ये मुख्यतः खराब कपॅसिटरांच्या डेस्कटॉपपायी ३० कोटी डॉलरची तरतूद केली, यावरून व्याप्ती लक्षात येईल. फुगलेली डोकी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे कॅबिनेट उघडल्यावर आधी नुसतं बघायचं, ही सवय त्या वर्षांनी लावली.

त्यात महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षं. वीज जायची वेळ ठरलेली, येताना मात्र कशी येईल सांगता यायचं नाही. आमच्या काकांचा कॉम्प्युटर २००६ च्या पावसाळ्यात असाच गेला. साताऱ्याच्या घरी वीज आली आणि फट्ट. दुकानदाराने नवा एसएमपीएस लावून बघितला. पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा. त्याचा निर्णय: "बोर्ड गेला, हार्डडिस्कपण गेली, नवीन घ्या."

काकांना बोर्डाचं काही नव्हतं. डिस्कवर आमच्या कुलवृत्तांताची टिपणं होती. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार, गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतलेल्या हकिकती, सगळं श्रीलिपीत टाईप केलेलं. त्यांतली निम्मी माणसं तोवर गेली होती, म्हणजे पुन्हा विचारायला कुणी नव्हतं. दुसरी प्रत म्हणजे चार फ्लॉप्या, त्यांतल्या दोन वाचता येत नव्हत्या. काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, दोन दिवस नीट जेवले नाहीत. तू येऊन बघून तरी जा."

नवा सप्लाय हलून थांबतो याचा एक अर्थ असा की पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि सप्लाय स्वतःला वाचवतोय. कुठे, ते एकेक वस्तू काढून बघायचं. सीडी ड्राईव्ह काढला, काही फरक नाही. हार्डडिस्कची वीज काढली आणि पंखा फिरतच राहिला. पाठोपाठ ती एक छोटी बीप. बोर्ड जिवंत होता!

मग डिस्क. साडेतीन इंची डिस्कच्या सर्किटवर वीज शिरते तिथेच बहुधा दोन रक्षक डायोड असतात, एक ५ व्होल्टसाठी, एक १२ साठी. व्होल्टेज वाजवीपेक्षा चढलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि तो दणका मागे जाऊ देत नाहीत. दणका मोठा असेल तर कायमचे शॉर्ट होतात. म्हणजे दरवान दारातच आडवा पडतो. चोर आत जात नाही, पण मग मालकालाही जाता येत नाही. मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या तारेच्या पिनांमध्ये शॉर्ट दाखवला. बाजारपेठेतल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने गरम हवेच्या यंत्राने तो मिरीएवढा डायोड काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर डिस्क फिरली. संरक्षण गेलेली डिस्क वापरात ठेवायची नसते, त्यामुळे लगेच सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं आणि सीड्यांवरही. काका शेजारी उभे राहून फायलींची नावं मोठ्याने वाचत होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो छापील कुलवृत्तांत आहे, म्हणून ही हकिकत नोंदवून ठेवली. त्या दुकानदाराला दोष द्यायचा नाही. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त सगळं एकदम जोडून ठेवलं की कुठला भाग अडवतोय ते कळत नाही.

डेस्कटॉपचं हे एक मोठेपण होतं आणि अजूनही आहे: त्याचे भाग सुटे होतात. २०२० मध्ये इंटेलने फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या सप्लायचा आराखडा मांडला, त्यात ५ आणि ३.३ करायचं काम बोर्डाकडे गेलं. लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये तर सगळं एकाच पाटीवर डकवलेलं, कित्येकदा साठवणसुद्धा. तिथे एकेक वस्तू काढून बघणं घरी जमत नाही. वस्तू हलक्या झाल्या, वीज कमी खाऊ लागल्या, याबद्दल तक्रार नाही. पण ज्यात कुलवृत्तांत ठेवायचा त्या यंत्राच्या किल्ल्या आपल्या हातात कमी उरल्या आहेत. त्यामुळे दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारी आता पूर्वीपेक्षा जास्त आपली आहे.

नातेवाईक मंडळींना एवढंच सांगणं: एसएमपीएस उडाला तर नवा लावताना डिस्क आधी बाजूला काढा. बोर्ड नीट चालतो आणि व्होल्टेज ठीक आहे हे दिसल्यावरच ती जोडा. आणि कुणी "डिस्क गेली" म्हणालं तरी ती भंगारात देऊ नका, मला एक फोन करा.