‘उत्तेजक’ या शब्दाची धार

ऐरोलीतल्या शाळेचं बक्षीस वितरण असो वा सोसायटीची चित्रकला स्पर्धा, पहिल्या तिघांनंतर ‘उत्तेजनार्थ’ नावं पुकारली जातात. क्रीडापानावर मात्र ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ असा मथळा दिसतो. शब्दाचं घराणं एकच. संस्कृत ‘तिज्’ म्हणजे धार लावणं. ‘तेज’ आणि ‘तीक्ष्ण’ त्यातूनच आले. पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावात हाच शब्द मानानं बसलेला आहे.

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘उत्तेजक’ वापरतो, त्या ‘डोपिंग’चं कूळ स्वयंपाकघरातलं. डच भाषेत ‘डोप’ म्हणजे बुडवून खायचा दाट रस्सा. अमेरिकेत तो शब्द आधी कुठल्याही दाट द्रवाला, मग अफूला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीच्या घोड्यांना चारल्या जाणाऱ्या औषधांना चिकटला. त्या घोड्यांपुरतं आपलं ‘उत्तेजक’ ठीकच होतं.

आज ते अपुरं पडतं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं प्रोप्रानोलॉलमुळे काढून घेतली गेली. हे औषध हृदयाचे ठोके मंदावतं, हात स्थिर ठेवतं. म्हणजे उत्तेजनाच्या नेमकं उलट. लघवी वाढवणारी औषधंही निषिद्ध आहेत, कारण त्यांनी वजन उतरवता येतं आणि इतर द्रव्यांच्या खुणा पुसट करता येतात.

शब्द अपुरा असला की खेळाडू गाफील राहतो. फेब्रुवारी 2019 मध्ये मुश्ताक अली क्रिकेट स्पर्धेदरम्यान फलंदाज पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेल्याचं त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळानं मान्य केलं, तरीही आठ महिन्यांची बंदी आलीच. खोकल्याच्या बाटलीला ‘उत्तेजक’ कोण म्हणेल?

जगानं हा पेच व्याख्या बदलून सोडवला. जागतिक डोपिंगविरोधी संहितेत डोपिंग म्हणजे ठरलेल्या नियमांचा भंग. त्यात नमुना देण्याचं टाळणंही येतं. युनेस्कोच्या 2005 च्या डोपिंगविरोधी कराराला भारतानं 2007 मध्ये मान्यता दिली. निषिद्ध द्रव्यांची यादी त्या कराराचाच भाग आहे. दरवर्षी 1 जानेवारीला नवी यादी लागू होते आणि ती विरारला, माँट्रियलला सारखीच असते. देशोदेशींचं सहकार्य उभं आहे ते या समान नावांवर.

मराठीत आपण ‘निषिद्ध द्रव्य’ म्हणावं, हे माझं ठाम मत आहे. आणि मुलाला मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनो, औषधाच्या दुकानात कंपनीच्या नावावर थांबू नका. खाली बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव वाचा आणि ते यादीत आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.